टीएसएच ३.६, नववा आठवडा आणि घरभर प्लॅस्टिक: काळजी नेमकी कशाची करायची?

प्रश्न थोडक्यात असा. गर्भारपणाचा नववा आठवडा सुरू आहे. पहिल्याच तपासणीत टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन; ग्रंथी कमी पडली की हा आकडा वाढतो) ३.६ आला, फ्री टी-४ (रक्तात मोकळं असलेलं थायरॉइडचं हार्मोन, थायरॉक्सिन) व्यवस्थित, अँटी-टीपीओ (ग्रंथीवर उलटणाऱ्या अँटीबॉडी) निगेटिव्ह. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी दिली नाही, चार आठवड्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या. मधल्या काळात वाचनात आलं की प्लॅस्टिक, नॉनस्टिक आणि कीटकनाशकं यांनी थायरॉइड बिघडतो आणि बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. त्यात नवरा पेस्ट कंट्रोलच्या कामावर. तर भांडी बदलायची का, पाणी कोणतं प्यायचं, आणि ही रसायनं अंगात किती आहेत ते तपासून मिळेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पैसे तिथेच वाया जातात. रक्ता-लघवीतल्या रसायनांची महागडी 'पॅनेल' तपासणी करू नका. बिस्फेनॉल-ए (बीपीए) आणि थॅलेट ही प्लॅस्टिकमधली रसायनं शरीरात टिकत नाहीत, बरीचशी दिवसभरात लघवीवाटे निघून जातात. आज नमुना दिलात तर कालचं खाणंपिणं कळेल, पुढच्या आठवड्यात आकडा वेगळाच येईल. पीएफएएस नावाच्या गटाचं याच्या उलट. नॉनस्टिकच्या उद्योगात, पाणी न धरणाऱ्या कपड्यांत, तेलकट पदार्थांच्या वेष्टनांत आणि आग विझवायच्या फेसात ही रसायनं वापरली गेली. त्यांतल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोघांचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३ ते ५ वर्षं लागतात. म्हणजे एका प्रकारचा आकडा उद्यापर्यंत टिकत नाही आणि दुसरा काही केलं तरी नऊ महिन्यांत फारसा हलत नाही. दोन्ही आकडे हातात घेऊन डॉक्टर तुमचे उपचार बदलणार नाहीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२२ मध्ये पीएफएएसबद्दल डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं. रक्तातली एकूण पातळी एका मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाली, तर प्रौढ व्यक्तीचा थायरॉइड तपासावा, म्हणजे टीएसएच करावा, असं त्यात आहे. ती तपासणी तुमची झालेलीच आहे. अपवाद शिसं आणि पारा यांचा. बॅटरी, सोल्डरिंग, जुना रंग खरवडणं, सोनं गाळणं असं काम घरात किंवा कामाच्या जागी असेल, तर या दोन धातूंची तपासणी जरूर करा, कारण त्यांच्या आकड्यांवर पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं.

आता मुद्द्याकडे. बाळाची थायरॉइड ग्रंथी १० ते १२व्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन, म्हणजे हार्मोनचा कच्चा माल, ओढायला लागते आणि स्वतःपुरतं हार्मोन बनवायला १८ ते २० आठवडे उजाडतात. तोवर त्याच्या मेंदूची जडणघडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते, पुढेही काही वाटा आईचाच असतो. त्याच वेळी आईच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढल्यामुळे हार्मोन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, आयोडीन लघवीवाटे जास्त जातं, आणि बाळाकडेही हार्मोन पोहोचवायचं असतं. एकूण हिशेब केला तर ग्रंथीला जवळपास दीडपट काम पडतं. निरोगी ग्रंथी आणि पुरेसं आयोडीन असेल तर ती हे सहज निभावते. अँटीबॉडी असतील, पूर्वी ऑपरेशन झालं असेल किंवा आयोडीन मुळातच कमी असेल, तर तिच्याकडे शिल्लक काही नसते. रसायनांचा धक्का जाणवतो तो अशांना. एकाच वस्तीत, तेच पाणी पिणाऱ्या दोघींपैकी एकीचा टीएसएच हलतो आणि दुसरीचा जागचा हलत नाही, यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. म्हणून भांड्यांच्या आधी मी आयोडीनचं विचारते.

रसायनं थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतात ती प्रामुख्याने तीन-चार ठिकाणी. सर्वांत नीट समजलेली जागा म्हणजे ग्रंथीच्या पेशीवरचं आयोडीन आत घेणारं दार. परक्लोरेट, थायोसायनेट आणि नायट्रेट हे तिघं आकाराने आयोडाइडसारखे असल्यामुळे त्याच दारात गर्दी करतात. परक्लोरेट हे रॉकेटच्या इंधनात, फटाक्यांत आणि चिलीतून येणाऱ्या नैसर्गिक नायट्रेट खतात सापडतं. थायोसायनेट तंबाखूच्या धुरातून येतं. नायट्रेट खतांमुळे विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतं. प्रयोगशाळेत मोजलं तर परक्लोरेट थायोसायनेटपेक्षा सुमारे १५ पट आणि नायट्रेटपेक्षा सुमारे २४० पट प्रभावी ठरतं. ऐकून परक्लोरेटची धास्ती वाटते, पण नायट्रेट आणि थायोसायनेट शरीरात कितीतरी जास्त प्रमाणात असतात, त्यामुळे प्रत्यक्ष अडवणुकीत त्यांचा वाटा मोठा निघू शकतो. यातली सोयीची गोष्ट अशी की ही निव्वळ स्पर्धा आहे. रक्तात आयोडीन पुरेसं असेल तर गर्दीतूनही ते आत शिरतं. इतर फार थोड्या रसायनांवर इतका स्वस्त आणि खात्रीचा उतारा आहे.

दुसरी जागा ग्रंथीच्या आत, हार्मोन बनवणाऱ्या टीपीओ या एन्झाइमची. मँकोझेबसारखी बुरशीनाशकं विघटन पावताना ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो, तो हे एन्झाइम रोखतो. थायरॉइड वाढलेल्यांना आम्ही जे औषध देतो, त्याचंही काम असंच चालतं. तिसरी जागा रक्तातली वाहतूक. पीसीबी (जुन्या विजेच्या उपकरणांच्या तेलातली रसायनं), ज्वालारोधक (वस्तू लवकर पेटू नये म्हणून घातलेली) पीबीडीई आणि पीएफएएस यांतली काही रसायनं ट्रान्सथायरेटिन या वाहक प्रथिनाला चिकटतात आणि थायरॉक्सिनची जागा अडवतात. पीसीबीची रासायनिक ठेवणच थायरॉक्सिनशी मिळतीजुळती आहे. शेवटी यकृत: यातली बरीच रसायनं यकृताला हार्मोनचा निचरा जलद करायला लावतात. प्रत्येक धक्का छोटा असतो, पण एकाच वेळी तीन-चार ठिकाणी बसला की बेरीज होते. 'एकेक रसायन मर्यादेत आहे ना' एवढं म्हणून समाधान होत नाही ते त्यामुळे.

माणसांत हे खरंच दिसतं का? एक उदाहरण सांगते. १९७६ मध्ये इटलीत सेव्हेसो इथे रासायनिक कारखान्यात अपघात होऊन डायॉक्सिन या अतिविषारी, टिकाऊ रसायनाचा ढग आजूबाजूच्या गावांवर पसरला. सर्वाधिक दूषित भागाला 'अ' विभाग आणि त्यालगतच्या भागाला 'ब' विभाग अशी नावं पडली. पुढे १९९४ ते २००५ या काळात तिथल्या स्त्रियांना झालेल्या बाळांचे जन्मानंतरचे टीएसएच तपासले. ५ च्या वर टीएसएच असलेली बाळं दूषित नसलेल्या भागात २.८ टक्के, 'ब' विभागात ४.९ टक्के आणि 'अ' विभागात १६ टक्के निघाली. अपघात होऊन १८ ते २९ वर्षं उलटली होती. म्हणजे या मुलींच्या शरीरात लहानपणी किंवा तरुणपणी शिरलेलं डायॉक्सिन पुढे त्यांच्या बाळंतपणापर्यंत टिकलं. टिकाऊ रसायनांचा प्रश्न गर्भारपणात सुटत नाही, तो कायद्याने आणि कारखान्याच्या पातळीवरच सुटतो असं मी म्हणते, ते याच कारणाने. टिकाऊ विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये आलं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुठल्याही बदलापेक्षा त्या दोन ओळींचा उपयोग जास्त आहे.

सेव्हेसो मात्र टोकाचं उदाहरण आहे. रोजच्या, कमी प्रमाणातल्या संपर्काचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे टीएसएच थोडा वाढलेला, कुठे टी-४ थोडा घटलेला, कुठे फरकच नाही. फरक दिसतो तोही सहसा नॉर्मलच्या चौकटीतला. समाजाच्या सरासरीत असा फरक महत्त्वाचा असतो, एका स्त्रीच्या रिपोर्टात तो ओळखूही येत नाही. तेव्हा 'माझा ३.६ प्लॅस्टिकमुळे आला का' याला खरं उत्तर नाही, आणि ते शोधूनही उपचार बदलत नाहीत.

मग ३.६ चं काय करायचं? पूर्वी पहिल्या तिमाहीत २.५ ही वरची मर्यादा धरायचे, त्यामुळे बऱ्याच जणींना भराभर गोळ्या सुरू झाल्या. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ मध्ये ती बदलली. स्थानिक आकडे उपलब्ध नसतील तर ४ पर्यंत चालेल, असं आता आहे. अँटी-टीपीओ निगेटिव्ह असताना ४ च्या खाली गोळीची गरज नाही, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. अँटीबॉडी पॉझिटिव्ह असत्या तर याच आकड्यावर गोळीचा विचार झाला असता. १० च्या पुढे टीएसएच गेला तर कोणी वाद घालत बसत नाही, गोळी सुरू करतात.

बाळाच्या बुद्धीची भीती तुम्ही ज्या लिखाणातून घेतली आहे, त्याच्या मुळाशी बहुधा १९९९ चा एक अमेरिकन अभ्यास असतो. थायरॉइड कमी असून उपचार न झालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी कमी निघाला होता. त्या मातांचा टीएसएच चांगलाच वाढलेला होता, ही ओळ पुढे सांगताना गळते. नंतर ब्रिटन आणि इटलीत सुमारे २२ हजार गरोदर स्त्रियांची चाचणी झाली, सौम्य बिघाड असलेल्यांपैकी निम्म्यांना गोळी दिली, आणि मुलं ३ वर्षांची झाल्यावर तपासली. दोन्ही गटांत फरक नव्हता. २०१७ च्या अमेरिकन चाचणीतही, ५ व्या वर्षी, फरक आढळला नाही. यावर एक रास्त आक्षेप आहे: गोळी सुरू होईपर्यंत बहुतेकींची पहिली तिमाही संपली होती. तो मला मान्य आहे. तरीही ३.६ वर झोप उडवून घ्यावी असं काही या सगळ्यात नाही.

आयोडीन. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं, एरवी १५०. मिठाच्या पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का ते आज बघा. खडे मीठ, समुद्री मीठ, गुलाबी-काळं मीठ, कितीही 'नैसर्गिक' असलं तरी वरून आयोडीन घातलेलं नसेल तर त्यात ते नगण्य असतं. डबा घट्ट झाकणाचा ठेवा, शेगडीजवळ नको. मग गर्भारपणाच्या मल्टिव्हिटॅमिनचं लेबल वाचा. बऱ्याच गोळ्यांत लोह, फोलिक अॅसिड, कॅल्शियम सगळं असतं आणि आयोडीनच नसतं. दूध, अंडी, मासे काहीच खात नसाल आणि मीठही कमी असेल, तर १५० मायक्रोग्रॅमची पूरक गोळी घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा. उत्साहाच्या भरात समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्या घेऊ नका. त्यांत आयोडीन किती असेल याचा भरवसा नसतो, आणि रोज ५०० मायक्रोग्रॅमच्या पुढे फायदा नाही, उलट जास्त झालेल्या आयोडीनने बाळाची ग्रंथी दबते. मोठ्या माणसाची ग्रंथी अशा दाबातून सावरते, बाळाची ती क्षमता शेवटच्या महिन्यातच तयार होते.

आता तुमच्या घरातली खरी जागा, नवऱ्याचे कामाचे कपडे. दिवसभर फवारणी करणाऱ्याच्या बाह्यांवर, मनगटाशी, पॅंटच्या घोट्याकडच्या भागावर आणि बुटांवर औषध बसलेलं असतं. ते घरात सोफ्यावर, गादीवर, फरशीवर उतरतं. आणि धुणं कोण धुतं? तुम्ही ते कपडे झटकता, खिसे चाचपता, कॉलर घासता, तीच सगळ्यात जास्त संपर्काची पाच मिनिटं. तेव्हा कपडे त्यांनी कामावरच बदलावेत, नाही जमलं तर दाराशी. वेगळ्या पिशवीतून थेट बादलीत, इतर कपड्यांत मिसळायचे नाहीत, आणि धुवायचे त्यांनी स्वतः, हातमोजे घालून. आंघोळ झाल्यावरच पलंगावर बसायचं. मोबाइल आणि गाडीचं स्टिअरिंग पुसायचं, हे कोणाच्या लक्षात येत नाही. उरलेल्या औषधाच्या बाटल्या आणि पंप घरात ठेवायचे नाहीत. आणि या काळात घरात फवारणी नको. झुरळांसाठी जेल किंवा सापळे पुरतात, तेही स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब.

ते कोणतं औषध वापरतात ते डब्यावर वाचायला सांगा. पायरेथ्रॉइड गटातली औषधं शरीरातून काही दिवसांत निघून जातात, म्हणजे संपर्क थांबवला की फायदा लगेच. क्लोरपायरीफॉस असेल तर जास्त सावध राहा. त्याची चिंता थायरॉइडपेक्षा बाळाच्या मेंदूशी असलेल्या थेट संबंधामुळे आहे. शेतावर बुरशीनाशक मारणाऱ्या घरांतही हेच सगळे नियम.

भांडी बदलायची गरज नाही. नॉनस्टिकचा थर स्वतः रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असतो, तव्यातून पोटात जाणारं पीएफएएस एकूण हिशेबात किरकोळ. फक्त रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरू नका, २६० अंशांच्या पुढे थर विघटित व्हायला लागतो. खरवडलेला तवा तसाही टाकायच्याच लायकीचा असतो. प्लॅस्टिकचा एकच नियम पाळला तरी बरंच साधतं: गरम आणि तेलकट काहीही प्लॅस्टिकमध्ये नको. मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा चिनी माती. 'बीपीए-फ्री' लिहिलेलं बघून निर्धास्त होऊ नका, त्यात बऱ्याचदा बीपीएचंच भावंड बीपीएस असतं, आणि तेही भोळं नाही. तुम्ही काउंटरवर बसत असाल तर गुळगुळीत छापील पावत्या हा बिस्फेनॉलचा मोठा स्रोत आहे, सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने त्या हाताळू नका. जंतुनाशक साबण नकोत, साधा पुरतो. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक घातलेले हात धुण्याचे साबण अमेरिकेने २०१६ मध्ये बंद केले. जुन्या फोमच्या गाद्या-सोफ्यांतले ज्वालारोधक धुळीत उतरतात, म्हणून कोरडा झाडू कमी आणि ओलं फडकं जास्त, आणि जेवायच्या आधी हात.

पाणी उकळून जंतू मरतात. नायट्रेट, परक्लोरेट, पीएफएएस तसेच राहतात, उलट पाणी आटल्यामुळे थोडे दाटच होतात. बोअरचं किंवा शेताजवळच्या विहिरीचं पाणी पीत असाल तर नायट्रेट तपासून घ्या, ही तपासणी स्वस्त आणि उपयोगाची आहे. पीएफएएसवर सक्रिय कार्बन आणि आरओ दोन्ही चालतात, नायट्रेटवर आरओ चालतं पण नुसता कार्बन नाही. फिल्टरचं काडतूस वेळेवर बदललं तरच, हे सांगायला नको. नगरपालिकेचं तपासलेलं पाणी असेल तर बाटलीबंद पाण्याकडे वळायचं कारण नाही.

धुराबाबत मी सगळ्यात कडक आहे. सिगारेट, बिडी, शेजारी बसलेल्याची असली तरी. धूम्रपान करणाऱ्या आईच्या दुधात आयोडीन जवळपास निम्मं भरतं, असं डेन्मार्कमध्ये मोजलेलं आहे, थायोसायनेट ते दार दुधाच्या ग्रंथीतही अडवतं. हवेतल्या बारीक धुळीचा आणि आईच्या घटलेल्या टी-४ चा संबंध युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत आढळला आहे. त्यावर एकटीने करण्यासारखं कमी, पण चुलीचा धूर आणि कचरा जाळणं एवढं तरी टाळता येतं.

मासे बंद करू नका, त्यांतून आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही मिळतात. टाळायचे ते शार्क, स्वोर्डफिश असे मोठे शिकारी मासे, त्यांत पारा साठतो. गोरं करणारी बिनलेबलची क्रीम असेल तर आजच फेकून द्या, तिच्यात पारा असण्याची शक्यता असते.

ज्या वाचकांना आधीपासून थायरॉइडची गोळी सुरू आहे, त्यांच्यासाठी रसायनांपेक्षा तातडीची गोष्ट ही: पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली की डोस लगेच वाढवावा लागतो, साधारण पंचवीस ते तीस टक्के. बरेच डॉक्टर आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायला सांगतात. हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे अपॉइंटमेंटची वाट बघण्यात दिवस जात नाहीत. गोळी उपाशी पोटी, लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. थायरॉइडची गोळी सकाळी लोह-कॅल्शियमबरोबर एकत्रच घेतल्याने टीएसएच वाढलेला असतो, आणि 'प्रदूषणाने वाढला' असं वाटणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर रक्त द्यायच्या दोन दिवस आधी बंद करा, त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो.

तुमची पुढची तपासणी तेराव्या आठवड्यात होईल. टीएसएच ४ च्या खालीच असेल तर निवांत राहा. नंतर बाळ जन्मलं की ४८ ते ७२ तासांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडची चाचणी होते, ती चुकवू नका. जन्मतः थायरॉइड कमी असण्याचं प्रमाण जगभरात साधारण दोन ते चार हजार बाळांमागे एक आहे. बहुतेकांत कारण ग्रंथीच्या घडणीत असतं, आईच्या खाण्यापिण्यात नाही, आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मूल नेहमीसारखं वाढतं. ही टाचेची चाचणी होईपर्यंत बाळाच्या नाळेला किंवा तुमच्या टाक्यांना पोव्हिडोन आयोडीन हे तपकिरी जंतुनाशक पुन्हा पुन्हा लावत असतील, तर त्याऐवजी दुसरं जंतुनाशक मागून घ्या. त्यातलं आयोडीन कातडीतून आणि दुधातून बाळात उतरतं आणि चाचणीचा आकडा वर नेतं.